आता आणि आते

१

वच्छलाबाईच्या डोळ्यांवर आधी कणकेचे दोन गोळे बसत, त्यावर काळं फडकं. गाठ मारायला प्रेक्षकांतलाच एखादा जाणता माणूस वर बोलावत. तो जोर लावून गाठ आवळी, तिच्या तोंडापुढं बोटं नाचवून बघे आणि "काही दिसत नाही हो बाईंना," असं सगळ्यांना सांगून खाली उतरे. गोळे बसवताना वच्छलाबाई कपाळाला आठ्या घालून ठेवी. नंतर आठ्या सोडल्या, की नाकाच्या कडेनं बारीक फट पडे. तिच्यातून आपली मांडी, पावलं आणि पावलांपुढची हातभर फळी एवढंच दिसे. त्याचा खेळाला काडीचा उपयोग नव्हता. पण तेवढा उजेड असला की तिला बरं वाटे.

कामाचे होते ते कान.

खेळाचं नाव 'मनकवडी बाई'. तिचा नवरा झुलाल खाली लोकांतून फिरे, कोणाकडून एखादी वस्तू मागून घेई, उंच धरी आणि विचारी, "सांग बाई, काय शे?" ती वर खुर्चीवरून अचूक सांगे. सगळी युक्ती त्या विचारण्यात होती. 'शे' म्हटलं की वस्तू धातूची, 'आहे' म्हटलं की दुसऱ्या कशाची. 'सांग' म्हणजे अंगावर घालायची, 'बोल' म्हणजे हाताळायची. अशा शब्दांच्या जुळण्या दोघांनी मिळून बसवल्या होत्या, घरात सापडेल त्या प्रत्येक जिनसेसाठी. लोकांना वाटे, गडी खेड्यातला, मध्येच शुद्ध बोलायला जातो आणि मध्येच घसरतो. त्याचं घसरणं हाच खेळ होता.

वस्तू ओळखली की दुसरा प्रश्न. "कोनं शे?" कोणाचं आहे? नावं झुलालनं दारातच गप्पा मारत काढून आणलेली असत. आणि मग खेळाचा नियम असा, की ज्याचं नाव बाई घेईल त्यानं जागेवरून उठायचं, पुढं यायचं आणि आपली वस्तू आपल्या हातानं घ्यायची. लोकांना हे फार आवडे. नाव घेतलं की माणूस लाजत, हसत उठे.

यात एक चूक होती, ती फक्त वच्छलाबाईला ठाऊक होती. तांब्यासाठी 'आता' आणि पितळेसाठी बोलीतलं 'आते', असं ठरलं होतं. अमळनेरच्या पहिल्याच खेळात झुलालनं उलट म्हटलं. हातात पितळेचं फुलपात्र होतं, ती 'तांब्याचं' म्हणाली आणि लोक हसले. खेळ संपल्यावर तो पडद्यामागं उतरलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "चुकनी तू." तू चुकलास, असं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "हो. चुकनू मी." पुढच्या खेळापासून ते दोन शब्द तिनं आपल्या मनात उलटे करून घेतले. तो वीस वर्षं चुकत राहिला, ती वीस वर्षं बरोबर सांगत राहिली, आणि त्याला कधी कळलं नाही.

दोन वर्षांमागं मानमोडीच्या तापात झुलाल गेला. गावात एकावर एक माणसं जात होती. कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. त्याच्या मनगटातलं तांब्याचं कडं काढून घ्या, असं कोणीतरी म्हणालं. वच्छलाबाई म्हणाली, राहू द्या. ते त्याच्याबरोबर गेलं.

वर्ष सरल्यावर तिनं पुन्हा खुर्ची मांडली तेव्हा शिंदखेड्याहून दीर तोताराम आला. "वहिनी, पांढरं कपाळ लोकस्ले दखाडत हिंडशी का? घरमा बठ."

"बठेलच तं ऱ्हास मी," ती म्हणाली. "खुर्चीवर."

खाली फिरायला आता गफूर होता. धुळ्याचा विणकर, झुलालच्या वेळी पडदा ओढायचा आणि ढोलकी वाजवायचा. जुळण्या त्याला तिनं शिकवल्या, जशा मुळात ठरल्या होत्या तशा, सरळ. तो झुलालहून कमी चुके.

२

चैत्रात पारोळ्याला कापसाच्या एका जिनाच्या रिकाम्या वखारीत खेळ होता. दिवाबत्तीचा खटाटोप नको म्हणून ते खेळ तिसऱ्या प्रहरीच करत. वर पत्रा तापून टकटक वाजत होता. कोपऱ्यांत राहिलेल्या सरकीचा तेलकट वास येत होता.

गफूरनं एक किल्ली विचारली, तिनं सांगितली. मालक उठला, किल्ली घेऊन बसला. मग प्रश्न आला, "बोल बाई, काय शे जरा?"

"अडकित्ता," ती म्हणाली.

पुढं काहीच झालं नाही. टाळी नाही, 'बरोबर' नाही. पत्रा वाजत राहिला. मग बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, "अवं माय, मना बटवामा शे ना तो!" आणि वखार टाळ्यांनी दणाणली. कोणाच्या हातात न दिलेली, बटव्यातली वस्तू बाईनं ओळखली होती.

खेळ संपल्यावर गफूर ढोलकी गवसणीत घालत होता. वच्छलाबाई डोळ्यांवरची कणीक खरवडत होती.

"अक्का, अडकित्ता कोठून काढा तुम्ही?"

"तूच इचारं ना."

"मी काहीच इचारं नही. मी पानी पी ऱ्हायंतू."

"मंग कोनी इचारं?"

"कोनीच नही." तो तिच्याकडं बघत राहिला. "ऊन लागनं का तुमले?"

"माले काय धाड व्हयनी शे?"

तिनं विचार केला. अडकित्ता आणि सुपारी एका बटव्यात असली की वाजतात. डोळे बांधले की कान तिखट होतात, आणि मन आपलं आपण प्रश्न रचून घेतं. वीस वर्षं ऐकलेला प्रश्न, एखाद्या वेळी न विचारताही ऐकू येणारच. हे सगळं पटण्याजोगं होतं.

एक गोष्ट तेवढी पटत नव्हती. रंगमंच छातीइतका उंच असे. खाली फिरणाऱ्याचा आवाज नेहमी खालून, तिच्या पायांकडून वर येई. हा प्रश्न समोरून आला होता, तोंडासमोरून. तेव्हा तिला वाटलं होतं, गफूर वर चढला असेल.

आणि प्रश्नाच्या आधी कोणीतरी हलकेच घसा साफ केला होता. गफूर घसा साफ करत नसे. झुलाल करी.

३

एरंडोलला धर्मशाळेच्या पडवीत खेळ होता आणि पारोळ्याची बातमी तिथं आधीच पोचली होती. पडवी खचाखच भरली. पहिल्या ओळीत पंडित मास्तर बसले होते. गावातल्या शाळेवर त्यांची सगळी हयात गेली होती आणि अशा खेळांचा त्यांना मनापासून राग होता.

दुसऱ्याच वस्तूला ते उठले. "अहो गफूरमियाँ, हे शे शे काय लावलंय? मध्येच आहे, मध्येच शे. शुद्ध बोला."

"शुद्ध बोलू तं बाईले समजत नही, गुरुजी," गफूर म्हणाला, आणि लोक पोट धरून हसले.

मास्तर हसले नाहीत. "असं का? मग बोलूच नका. तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. वस्तू मी निवडीन, मी उंच धरीन. बाईंनी सांगावं."

वच्छलाबाईनं मांडीवरचे हात एकमेकांत घातले. खेळ इथं संपला होता. बरं वाटत नाही म्हणायचं आणि पडदा ओढायचा, अशा वेळेसाठी झुलालनं तोड काढून ठेवली होती. पण मास्तरांच्या त्या 'असं का?'नं तिला चीड आली. वीस वर्षांत तिनं पडदा पाडून घेतला नव्हता.

"धरा," ती म्हणाली.

 कोणीतरी घसा साफ केला. मग तोंडासमोरून, हातभर अंतरावरून, झुलालच्या आवाजात प्रश्न आला. "बोल बाई, काय आहे?"

"चष्म्याचं घर. कातडी."

लोक ओरडले. "सांग बाई, काय आहे?" "उपरणं." "बोल लवकर, काय शे?" "चाकू." ती सांगत गेली. समोरचा आवाज तोच होता, शेवटचं अक्षर थोडं ओढणारा, वरच्या पट्टीत किंचित फाटणारा. खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही. फडक्याखाली कणीक ओली झाली आणि नाकाच्या कडेनं तोंडात खारट उतरली, एवढंच.

"बाई," पंडित मास्तर शेवटी हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला कोण सांगतं?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात समोरून आणखी एक प्रश्न आला. "सांग बाई, काय शे हं?"

'हं' म्हणजे चांदी. आणि लहान लेकराचं.

"वाळा," ती सवयीनं म्हणाली. "लेकराच्या पायातला चांदीचा वाळा."

"कोनं शे बरं?"

'बरं' म्हणजे म्हातारी बाई. दारात गफूरनं एकाच म्हातारीचं नाव काढून आणलं होतं. बाजारात भाजीला बसणाऱ्या तानुबाईचं.

"तानुबाईचा."

तानुबाई उठली. कोणाच्याही हातात वाळा नव्हता. मास्तरांचे हात रिकामे होते, गफूर खांबाला टेकून उभा होता. तरी ती उठली, बसलेल्या माणसांमधून वाट काढत पुढं आली आणि रंगमंचाच्या काठापाशी, जिथं कोणी नव्हतं तिथं, तिनं ओंजळ वर केली. ओंजळ मिटली. ती हसत होती. तिच्या हसण्याकडं बघून पुढची पोरं मागं सरकली, असं गफूरनं नंतर सांगितलं.

"तिले लेकरू कोठे शे?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"व्हतं," एक म्हातारा म्हणाला. "लई साल व्हयनात."

४

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत सामान चढवताना वच्छलाबाई पडवीत गेली. जाजमं उचलली होती, कोणी झाडूनही गेलं होतं. तानुबाई रंगमंचासमोर तशीच बसून होती. घरची माणसं रात्री येऊन हाका मारून थकली होती, सकाळी पुन्हा आली होती. तिचे डोळे उघडे होते. मूठ छातीशी घट्ट होती आणि तिच्या दोन भावजया मिळून ती उघडायला बघत होत्या.

"तानुबाई," वच्छलाबाईनं हाक मारली.

तानुबाईनं ऐकलं नाही. ती दुसरंच काही ऐकत होती. मान किंचित कलती, ओठ हलके हलत होते, थोपटताना बाया गुणगुणतात तसे. श्वास चालू होता. बाकी तिथं कोणी नव्हतं.

गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत वच्छलाबाईनं त्या आवाजाचं सगळं गफूरला सांगितलं. मग तो म्हणाला, "अक्का, धुयाना खेळ आपुन रद्द करूत."

"का बरं?"

"का बरं इचारतस तुम्ही? त्या म्हतारीनं नाव तुम्ही लिधं. ती उठनी, आनि गयी." त्यानं कासरा दुसऱ्या हातात घेतला. "उद्या तो तुमनंच नाव इचारी."

वच्छलाबाईलाही रात्रभर तेच दिसत होतं. नाव घेतलं की उठायचं. नियम त्यांचाच होता, झुलालनं बसवलेला. आणि त्याहून वाईट हे, की तिला तानुबाईची मूठ आठवे तेव्हा तिचं हसूही आठवे. दोन वर्षांत वच्छलाबाई तशी हसली नव्हती. आपलं नाव आलं तर आपण काय करू, हे तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

"झुलालभाऊ व्हतीन तं?" गफूरनं विचारलं.

"ते व्हतीन तं मी वळखसू."

"आनि नसतीन तं?"

"तं बी वळखसू." तिनं पदर डोक्यावरून ओढला. "मना खेळ शे तो, गफूर. मनी खुर्ची शे. कोनी बी येईसन इचारी आनि मी पळी जाऊ का?"

"तुमनी जीभ एक दिवस तुमले खाई," गफूर म्हणाला, आणि बैलांच्या अंगावर ओरडला.

५

धुळ्याचं नाटकगृह नदीच्या अंगाला होतं. रंगमंच पक्क्या फळ्यांचा, आणि काठापुढं वाजवणाऱ्यांसाठी खोल खड्डा. खड्ड्यात त्या दिवशी कोणी नव्हतं. वच्छलाबाईनं खेळाआधी काठावर उभं राहून खाली बघितलं. तळाशी मोडक्या बाकांचे तुकडे आणि एक फुटकी घागर होती. तिनं खुर्ची मागं सरकवली नाही, नेहमी असते तिथंच, काठापासून हातभर ठेवली.

पहिल्या वस्तू गफूरनंच विचारल्या. त्याचा आवाज खालून, खड्ड्यापलीकडून येत होता. पेटीची कुलूपकडी, रुमाल, पानाचा डबा. टाळ्या पडत होत्या. पत्र्यावर पारवे चालत होते.

मग कोणीतरी घसा साफ केला.

वच्छलाबाईनं मान खाली घातली. फटीतून तिची पावलं दिसत होती, पुढं फळी, फळीचा काठ. काठाच्या पलीकडून एक हात आत आला. तळवा वर, तिच्या गुडघ्यांच्या उंचीला. देणारा माणूस समोर उभा असला की येतो तसा. पण समोर उभं राहायला फळी नव्हती, खड्डा होता. मनगटापुढं फट संपत होती आणि तिनं मान वर केली नाही.

तळव्यावर कडं होतं. काजळी धरलेलं. एका जागी काजळी खरवडली गेली होती आणि तिथं तांबं लालसर दिसत होतं.

बोटं झुलालचीच होती. करंगळीचं नख चिरलेलं, तेही.

"आता सांग बाई," तो आवाज म्हणाला. "काय शे?"

 दोन वर्षं, घरात एकटी भाकरी थापताना, फडकं धुताना, ती हा आवाज ऐकायला कान देऊन होती. तिचे पाय फळीवर आपोआप टेकले, उठण्यासाठी टेकतात तसे. उत्तर ओठांवर आलं.

आणि ते उत्तर होतं, 'पितळ.'

वीस वर्षांची सवय. त्या आवाजात 'आता' ऐकलं की ती मनात उलटवायची. 'आता' म्हणजे पितळ. 'आते' म्हणजे तांबं. फक्त त्याच्यासाठी.

ती थांबली. तळव्यावर तांबं होतं. शब्दही तांब्याचा होता. शब्द आणि वस्तू नीट जुळत होती. झुलालच्या तोंडी ती एकदाही जुळली नव्हती.

"कोनं शे?" आवाजानं विचारलं.

खाली कुजबुज सुरू झाली होती. बाई गप्प का? "अक्का?" गफूर लांबून म्हणाला. "अक्का, मी काही इचारं नही हं!"

"कोनं शे?" पुन्हा. तोच सूर, तेवढाच ओढलेला शेवट. पहिल्यात आणि दुसऱ्यात केसाचा फरक नव्हता. माणूस दुसऱ्यांदा विचारतो तेव्हा थोडा चिडतो, थोडा थकतो. झुलाल तर लगेच चिडे. "कोनं शे?"

बोटं किंचित पुढं आली.

वच्छलाबाईनं टेकलेले पाय तसेच रोवले, पण उठण्यासाठी नाही. तिला राग आला होता. इतका राग, की त्यात भीतीला जागा उरली नाही. तिच्या माणसाचा आवाज, त्याचं चिरलेलं नख, त्याच्याबरोबर जळलेलं कडं, सगळं गोळा करून आणलं होतं. त्याची एक चूक तेवढी आणता आली नव्हती. ती तिच्याजवळ होती.

"ते कडं मनं नही," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या नाटकगृहाला ऐकू गेलं. "मना मानूस दर खेपले चुके. तू चुकना नही."

 मग मागच्या बाकांवरून कोणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. "बाई घसरनी रे!" "कोनासंगे बोली ऱ्हायनी?" "मनकवडीले तिनंच मन सापडेना!" हशा पुढं पुढं येत गेला.

६

गफूर धावत पायऱ्यांपर्यंत आला. "पडदा पाडू का, अक्का?"

"नको. खाले जाय. इचार."

"आते?"

"आते नही तं कधी? इचार."

तो गेला. लोक हसत होतेच. कोणाकडून तरी त्यानं एक गडू घेतला आणि उंच धरला. गडूतलं पाणी कोणाच्या तरी अंगावर सांडलं आणि तिथं शिव्या उठल्या. मग खालून, पायांकडून, घाबरलेल्या जिवंत माणसाचा आवाज आला. "आता बोल बाई, काय शे?"

"गडू," वच्छलाबाई म्हणाली. "तांब्याचा."

 मग छप्पर उडेल असा हशा. गडू पितळेचा होता. गडूवाला तो डोक्यावर नाचवून सगळ्यांना दाखवत होता.

"मी चुकनू, अक्का!" हशात गफूर ओरडला. "मी उलटं बोलनू! तुमनी चूक नही!"

त्यानं भर खेळात खेळाचं गुपित फोडलं होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं. वच्छलाबाईच्या पोटातून काहीतरी वर आलं. तिला वाटलं, रडू येतंय. पण ते हसू होतं. ती खुर्चीवर, डोळे बांधलेली, शेकडो लोकांसमोर हसत सुटली. अमळनेरला लोक असेच हसले होते. पडद्यामागं एक माणूस उतरलेल्या चेहऱ्यानं उभा होता.

हसता हसता तिची मान खाली झुकली. फटीत फळीचा काठ दिसला. तो हात अजून पुढं केलेला होता. हललेला नव्हता, थकलेला नव्हता. कडं तळव्यावर तसंच होतं. लोक हसत होते, आणि समोर, तिच्या तोंडाच्या उंचीला, कोणीतरी हसत नव्हतं.

तिनं पाय मागं घेतले नाहीत. पदर खोचला, पाठ खुर्चीला टेकवली आणि फडक्याची गाठ हातानं चाचपून आणखी आवळली.

"पुढलं इचार, गफूर," ती म्हणाली. "आनि चुकना तरी चाली."